चित्र, वर्णन नाही

“आज कुणाचा वाढदिवस म्हणायचा?” डोनटचा घास तोंडात असतानाच पर्लिताने विचारलं.

सकाळी ऑफिसात डोनटचं खोकं आलेलं तिला वासावरूनच कळलं होतं. त्यातला एक कुणीतरी न बोलता तिच्या हातात ठेवला होता.

“नार्ड्स असता तर एव्हाना अर्धं खोकं साफ केलं असतं,” ती हसत म्हणाली. “मजा आहे बाबा त्याची. तिकडे गावी लोळत पडला असेल मेला.”

पलीकडच्या टेबलावरच्या रोडेलची खुर्ची कर्रकन मागे सरकली आणि तो बाहेर निघून गेला. पर्लिताला वाटलं, दमला असेल. त्या ऑफिसात दमलेलं कोण नव्हतं?

कुबाव या गजबजलेल्या भागातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर परदेशी बँकांच्या, विमान कंपन्यांच्या, हॉटेलांच्या वेबसाइट आणि मेल दुरुस्त होत. ज्यांना दिसत नाही त्यांना त्या ऐकता याव्यात आणि ज्यांना माउस धरवत नाही त्यांना नुसत्या कीबोर्डवर वापरता याव्यात, एवढंच ते काम. बाकीचे दुरुस्त करत आणि पर्लिता तपासत असे. ती विशीतच आंधळी झाली होती. आधी मॉलमधल्या आंधळ्यांच्या मालिश-केंद्रात लोकांचे पाय दाबून तिची बोटं वाकडी व्हायची वेळ आली, मग ती इथे आली. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवी, तेही अशा वेगाने की बाकीच्यांना ते कढईत काहीतरी तडतडल्यासारखं ऐकू येई.

आणि याच ऑफिसात, आपल्याच माणसांसाठीच्या सगळ्या सूचना मात्र मेलवर पोस्टर होऊन येत. जोविलिन ही मनुष्यबळ खात्यातली पोरगी ती मोठ्या हौसेने बनवी. फुगे, फुलं, रंगीत अक्षरं, सगळं मिळून एकच चित्र. पर्लिताच्या कानात फक्त “चित्र” एवढंच पडे, आणि पुढे फाइलचा निरर्थक आकडा.

“अगं, खाली दोन ओळी लिहीत जा,” असं तिने सुरुवातीला सांगून पाहिलं होतं.

“हो आते, पुढच्या वेळी नक्की,” जोविलिन म्हणे. थोरल्या बहिणीच्या मानाने सगळेच तिला आते म्हणत. ती पुढची वेळ काही कधी आली नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या मेल नीट करून दमलेल्या माणसांना स्वतःच्या मेलकडे बघायला त्राण उरत नसे. मग पर्लितानेही सांगणं सोडून दिलं, कारण नार्ड्स होता.

कुया म्हणजे थोरला भाऊ; कुया नार्ड्स हा ऑफिसचा शिपाई. बातांगास प्रांतातला माणूस, तोंडाचा सैल. तिसऱ्या प्रहरी कॉफी घेऊन यायचा आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहून पोस्टर वाचून दाखवायचा.

“अला ए!” तो गावच्या बोलीत चकित व्हायचा. “हे फुगे आहेत की वांगी?”

“कुया, तारीख सांग आधी.”

“तारीख कुठे पळून जात्येय? आधी रोडेलचा फोटो ऐक. आठवडाभर उपाशी ठेवल्यासारखा उभा आहे. अंगात शर्ट कुणाचा घातलाय देव जाणे.”

“आणि तू कसा दिसतोस रे?”

“मी? सिनेमातला हिरो. बायका चालती जिपनी थांबवून बघतात.”

चित्राचं वर्णन आखूड असावं, दिसतं तेवढंच सांगावं, आपलं मत घालू नये, हे पर्लितानेच सगळ्या ऑफिसला घोकून घोकून शिकवलं होतं. नार्ड्स तो नियम रोज मोडायचा आणि ती दिवसभर त्याचीच वाट बघायची.

ईस्टरनंतर त्याचा खोकला वाढला आणि तो गावी गेला. “पोस्टरं साठवून ठेव,” जाताना म्हणाला. “आलो की एकदम वाचतो. त्या पोरीची फुलं काय सुकणार आहेत थोडीच.” तिने खरंच साठवली. फोन लागत नव्हता, पण घर डोंगराच्या पोटात आहे, तिथे फोन लागत नाही, हे त्यानेच सांगितलेलं होतं. त्यामुळे ती निर्धास्त होती.

निर्धास्त होती, पण त्या डोनटच्या दिवसापासून ऑफिसचं काहीतरी बिनसलं होतं. जोविलिन तिच्याबरोबर जेवायला बसेना. संध्याकाळी जिपनीच्या थांब्यापर्यंत कुणी हात देईना. आपण सगळ्यांचं काम तपासून फार फेल करतो, त्याचा राग असेल, असं तिने मनाशी धरलं आणि एकटीच काठी टेकत जाऊ लागली. पन्नाशीच्या बाईने या वयात कुणाची मनधरणी करायची? तरी डबा एकटीने खाताना अर्धा तसाच परत जायचा. नार्ड्स आला की त्यालाच विचारू, असं ती ठरवून होती.

महिना होत आला तेव्हा एका हॉटेलच्या मेलवरून ते फुटलं.

“पुन्हा फेल?” रोडेलने विचारलं.

“पुन्हा. अख्खी मेल म्हणजे एक चित्र, वर्णन नाही. आणि खोली राखायचं बटण कीबोर्डने गाठताच येत नाही. टॅब दाबून दाबून बोट झिजलं माझं.”

“संध्याकाळी जायचीय ती, आते. आज सोडा की.”

“मी सोडेन रे. पण ज्याला दिसत नाही त्याने काय समजायचं?”

“दगड आहात तुम्ही!” रोडेल एकदम ओरडला. “एका चित्राला वर्णन नाही तर एवढा जीव खालीवर होतो. आणि कुया नार्ड्स गेला तर एक शब्द नाही! आम्ही रात्रभर त्याच्या शवपेटीपाशी बसून आलो, आणि तुम्ही सकाळी डोनट खात हसत होतात.”

पर्लिताचे हात कीबोर्डवरच राहिले.

“गेला म्हणजे?” तिने विचारलं. मग कुणी उत्तर द्यायच्या आत, अगदी हळू, “ते डोनट वाटेतले होते?”

“हो,” रोडेल म्हणाला.

मयताच्या घरून थेट आपल्या घरी जायचं नसतं. वाटेत कुठेतरी थांबायचं, म्हणजे गेलेला माणूस मागोमाग घरात येत नाही. ते सगळे तसेच डोनटच्या दुकानात थांबले होते आणि उरलेलं खोकं ऑफिसात घेऊन आले होते. ही रीत पर्लिताला लहानपणापासून ठाऊक होती.

जोविलिन जवळ आली. “तो गेला त्याच दिवशी मी मेल केली होती, आते. गाडी कधी निघणार, सगळं होतं त्यात. तुमचं उत्तर आलं नाही. वाटलं, तुम्हाला यायचं नसेल.”

“पोस्टर होतं?”

जोविलिनला कळायला क्षणभर लागलं. कळलं तशी ती रडायला लागली.

पर्लिताला राग यायला हवा होता. आला नाही. नुसता थकवा आला, पायांच्या तळव्यांपासून वर चढत गेलेला. तिने साठवलेली पोस्टरं उघडली. चित्र. चित्र. चित्र. त्यातलंच एक नार्ड्सचं होतं, आणि ते तिने नार्ड्ससाठीच राखून ठेवलं होतं.

“मी वर्णन लिहून परत पाठवते,” जोविलिन डोळे पुसत म्हणाली. “आत्ता.”

तिने लिहून पाठवलं. पर्लिताने ते जोविलिनलाही ऐकू जावं म्हणून हेडफोन काढून मोठ्याने लावलं. तडतड करत आवाज दोन श्वासांत वाचून मोकळा झाला: काळी फीत, कुया नार्ड्सचा फोटो, नाव, गाव, गाडीची वेळ.

“बरोबर आहे ना, आते?”

“नियमात बसतं.” पर्लिता तिच्याकडे वळली. “फोटोत कसा दिसतो गं?”

“बारीक. टक्कल पडलेलं. कान मोठे.” जोविलिन पडद्याकडे बघत राहिली. “पुढचा एक दात नाहीये. तरी तोंडभर हसतोय.”

“सिनेमातल्या हिरोसारखा दिसतो, असं लिही.”

“पण आते, तुम्हीच सांगितलंय ना, दिसतं तेवढंच—”

“मी काय सांगितलंय ते मला माहीत आहे. तू लिही.”

मेल तिसऱ्यांदा आली. पर्लिताने आवाजाचा वेग कमी केला, आणखी कमी केला, पार तळाला नेला. ऑफिसातल्या सगळ्यांना तो आवाज पहिल्यांदाच शब्दाशब्दाने कळला. काळी फीत. फोटोत आपले कुया नार्ड्स, हसताना, सिनेमातल्या हिरोसारखे दिसणारे. अंत्यदर्शन गावच्या घरी. गाडी गुरुवारी काम सुटल्या सुटल्या ऑफिसखालून निघेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी जोविलिनला कळवावं.

आवाज थांबला. ती गाडी जाऊन महिना होत आला होता. पर्लिताने पर्स उचलून मांडीवर घेतली.

“मी येते,” ती म्हणाली. “माझं नाव घाल.”