ज्याचं नाव, त्याचा हंडा

मी एक जुना पितळी हंडा आहे, आणि हे लिहायचं मी जवळजवळ रद्दच केलं होतं. हंड्यानं पाणी धरावं, लिहूबिहू नये, असं मलाही वाटतं. शिवाय लिहिण्याशी माझी जुनी खुन्नस आहे. माझ्या गळ्याखाली एक ओळ कोरलेली आहे. त्या ओळीनं माझ्या मालकिणीविरुद्ध साक्ष दिली, आणि एवढं मोठं तोंड असून मी गप्प बसलो. मित्रांनो, हे मनातून जात नाही. म्हणून आता सांगतोच.

माझा जन्म नाशकातला, एका तांबटाच्या दुकानातला, १९७१ सालचा. दोन दिवस नुसते ठोके. ठोके खाताना मी ओरडलो नाही असं म्हणालो असतो, पण अख्ख्या आळीनं ऐकलंय.

मला विकत घ्यायला विंचूरहून खंडेराव मामा आले. भाची मैना, तिचं लग्न. मामांनी मला बोटानं वाजवून पाहिलं, कानाशी धरलं, आणि पसंत केलं. मग नाव घालायची वेळ आली. छिन्नी घेऊन बसलेल्या माणसानं विचारलं, नाव कोणाचं? देणाऱ्याचं घालू? मामा लाजले. आपण दिलेलं असं कोरून दाखवायचं नसतं, म्हणाले. मग मुलीचं घालू? मामांनी विचार केला. मुलीचं नाव तर परवा बदलणार. सासरचे तांदळात अंगठीनं काय लिहितील कोणाला माहीत. उगाच जुनं नाव राहायचं भांड्यावर. तेव्हा जे बदलणार नाही ते घाला, जावयाचं. मानही राहील.

आणि टिकटिक टिकटिक करत माझ्यावर उमटलं: चि. भिकन सहादू बोराडे यांस लग्नात सप्रेम भेट.

मामा वाईट नव्हते हो. हेच तर डोकं फिरवतं. वाईट माणसानं केलं असतं तर मी त्याला शिव्या तरी दिल्या असत्या.

सासर सातपूरच्या बाजूला, कामगारांच्या चाळीत. भिकन कारखान्यात जायचा, घरात त्याची आई लंकाबाई. मैनाचं नाव त्यांनी सुनंदा ठेवलं, पण नळावरच्या बायका मैनाच म्हणायच्या. रोज पहाटे ती चुंबळ ठेवून मला डोक्यावर घ्यायची. भरलेला हंडा डोक्यावर असताना माणूस मान वळवत नाही, नुसते डोळे वळवतो. मैनाचे डोळे सारखे वळायचे. तिला सगळं बघायचं असायचं.

दुसऱ्या वर्षी एकदा नळ उशिरा आला, म्हणून पाणी उशिरा आलं, म्हणून भिकनला कामावर जायला उशीर झाला. त्यानं मला उचलून फेकलं. मी आधी मैनाला लागलो, मग उंबऱ्याला. माझ्या पोटाला पोचा पडला. तिला काय पडलं ते तिनं पदराखाली ठेवलं.

मग १९७३ चा उन्हाळा. दुष्काळ. नळ नुसते फुसफुसायचे. शेजारच्या गल्लीत सिंधुबाई राहायच्या, शाळेत शिकवायच्या. त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं, रिकामे हंडे घ्या आणि चला नगरपालिकेवर. शंभर-सव्वाशे बायका निघाल्या. मैना पुढच्या रांगेत. तिनं मला कमरेवर घेतलं आणि उलथन्यानं असं काही बडवलं की तांबटाची आठवण झाली. पण काय सांगू, मजा आली. लोकांनी वाट दिली. कोणी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात नळाला तासभर पाणी यायला लागलं.

तेव्हा केवढं कौतुक! भिकन कारखान्यात सांगायचा, आमच्या घरचा हंडा पुढं होता. लंकाबाईनं मला चिंच लावून घासलं, ओट्यावर ठेवलं, आणि आल्यागेल्याला माझा पोचा दाखवायला लागली. म्हणे मोर्चात पडला.

मला बोलता येत असतं तर त्याच दिवशी बोललो असतो.

मोर्चातल्या बायका नंतरही भेटत राहिल्या. १९७५ साल महिलांचं वर्ष म्हणून सगळीकडे गाजत होतं, तेव्हा सिंधुबाईंनी मंडळच काढलं. गुरुवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर बैठक. मैनाला अक्षर येत नव्हतं. सिंधुबाई म्हणाल्या, पाटी कशाला, भांड्यावरच शीक. मैना माझ्या अंगावरून बोट फिरवायची. क, न, द, र. मीही तिथंच शिकलो. मला वेगळं कोणी शिकवलं नाही, हे माझ्या लिहिण्यावरून कळतच असेल.

भिकनच्या नावाशी आली की मात्र ती अक्षरं म्हणायची, नाव म्हणायची नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ना. ते बोटानंच पार व्हायचं.

हळूहळू बैठकीतलं बोलणं पाण्यावरून घरात आलं. १९८० च्या सुमारास तर शहराशहरांत बायका रस्त्यावर आल्या, एका आदिवासी मुलीला न्याय मिळाला नाही म्हणून. हुंड्यासाठी जाळलेल्या मुलींची नावं बैठकीत वाचली जायची. घरात मार खायचा हा काय नियम आहे का, आणि तो कोणी केला, असं बायका एकमेकींना विचारायला लागल्या. आणि इथं लोकांचं तोंड फिरलं. त्याच बायका, तेच गल्लीतले लोक. पाणी मागितलं तेव्हा शाबास. मारू नका म्हणाल्या तेव्हा, घरं फोडतायत. अरे, पाणी तरी कुठं जात होतं? त्याच घरात ना?

१९८१ मध्ये मैना निघाली. अंगावरच्या लुगड्यानिशी, एका पहाटे, गंगेपलीकडे (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात) पंचवटीत. मंडळातल्या एकीनं खोली मिळवून दिली. ती विड्या वळायला लागली. पाण्याला शेजारणीची बादली मागायची, रोज.

पंधरा दिवसांनी ती सिंधुबाई आणि आठ-दहा बायकांना घेऊन सामान मागायला आली. चाळ गोळा झाली. ट्रंक निघाली, चादरी निघाल्या. मग मैनानं माझ्याकडे बोट केलं. म्हणाली, बाकीचं राहिलं तरी चालेल, हंडा माझ्या मामांनी दिलाय.

मामा वारून दोन वर्षं झाली होती. त्यांना कुठून आणणार?

लंकाबाई दारात आडवी उभी राहिली. चाळीत निवृत्ती अण्णा म्हणून म्हातारे होते, सगळ्यांची भांडणं तेच मिटवायचे. त्यांना ती म्हणाली, "अण्णा, मी कशाला बोलू? हिला वाचता येतं आता. हिलाच विचारा त्याच्यावर कोणाचं नाव हाय."

कोणीतरी बाई मागून हसली. "घे की नाव, मैने. उखाण्यात घे."

सगळे हसले. लग्नात कसं नाव घे नाव घे करतात, तसंच सुरू झालं. सिंधुबाई मैनाच्या कानाशी पुटपुटल्या, वाचू नकोस. मैनानं ऐकलं नाही. ती माझ्यासमोर बसली, माझ्या गळ्यावर बोट ठेवलं, आणि उखाणा न घेता, पदर न सावरता, स्पष्ट वाचलं.

"भिकन सहादू बोराडे."

दहा वर्षांत पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं नाव असं तोंडानं घेतलं. भिकन तिथंच उभा होता, त्यानं खाली पाहिलं. मला वाटलं, जिंकलो. खरंच वाटलं.

निवृत्ती अण्णांनी चष्मा काढून पुसला. "झालं तर मग. पोरीनं खरं वाचलं. ज्याचं नाव, त्याचा हंडा."

सिंधुबाई भांडल्या. लग्नात आलेलं मुलीचं असतं, म्हणाल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, मग तसं लिहायचं होतं. एकीनं माझा पोचा दाखवला, हा कसा पडला विचारा म्हणाली. चाळीतली चार माणसं एकदमच बोलली, मोर्चात. मित्रांनो, मी आतून फुटलो असतो, पण पितळ फुटत नाही. नुसतं पोचतं. मैना ट्रंक घेऊन गेली. तिनं वाचायला शिकावं आणि ते वाचणंच तिच्या अंगावर यावं, याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मी मांडणीवर काळा पडत राहिलो. सहा महिन्यांत गावाकडे गुपचूप उरकून भिकननं दुसरी आणली. वणीकडची बायडा, एकोणीस वर्षांची. तिच्याबरोबर एक कळशी आली. छान होती, नवीकोरी, जरा घाबरलेली. मी तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि मला बघवेना. चि. भिकन सहादू बोराडे यांस. तिच्या वडिलांनीही मान राखला होता.

माझ्यावर ती कळशी, आणि आमच्याखाली बायडा. अशा आमच्या चार-पाच वर्षं खेपा झाल्या. कळशी माझी मैत्रीण झाली. दोघांनी एकाच घरातलं तेच तेच ऐकलं की मैत्री होतेच. १९८३ मध्ये कायदा आला म्हणे, सासरी छळ केला तर शिक्षा. नळावर बायका बोलायच्या. मी कळशीला म्हणालो, बघ, आता. ती म्हणाली, काय बघू? तिचं बरोबर होतं. कायदा नळापर्यंत आला होता, घरात आला नव्हता.

१९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरलं. वणीकडून बायडाची आई गेली होती. येताना लेकीला भेटली आणि सांगत बसली, एवढ्या बायका, नजर पोचत नव्हती, आणि तिथं पंचवटीची एक मैना भेटली, विड्या वळणारी, लय धीट बाई. बायडा भाकरी थापत होती. हात थांबला तिचा. लंकाबाई बाहेर गेल्यावर तिनं आईला खोलीचा पत्ता विचारून घेतला.

पुढच्या आठवड्यात बायडानं मला चिंच लावून लखलखीत घासलं. पाण्याला जाते म्हणाली. नळ आला, नळ मागं पडला. मला रिकामाच कमरेवर घेऊन ती पूल ओलांडून पंचवटीत चालत गेली. मैनाच्या दारात मला ठेवलं.

"ताई, हा तुमचा. मी सांगीन नळावरून चोरीला गेला."

मैना माझ्याकडे पाहत राहिली, मग तिच्याकडे. "मार खाशील."

"तो काय, तसाबी खातेच."

मैनानं तिचा हात धरला. राहा म्हणाली. इथंच राहा, आजच, मी आहे. बायडानं हात सोडवला नाही, पण मान हलवली. "आज नाय. आज नुसता हंडा." आणि ती परत गेली. रिकाम्या हातानं, पाणी न घेता. घरी काय झालं असेल ते मला माहीत आहे, म्हणून लिहीत नाही.

मग मैनानं मला भांड्यांच्या बाजारात नेलं, नाव काढायला. छिन्नीवाला म्हणाला, कोरलेलं निघत नाही, वरून खोडता येतं. ती म्हणाली, राहू दे, खाली माझं घाला. आता माझ्यावर दोन ओळी आहेत आणि मी विचित्र दिसतो. चालेल.

मित्रांनो, हंड्याला चिंचेनं घासा, उन्हात तापत ठेवू नका, हे मी सांगणार नाही. एवढंच सांगतो. लेकीला भांडं द्याल, तर दुकानात छिन्नीवाला विचारील नाव कोणाचं. तेव्हा मान राखू नका. जी ते भांडं डोक्यावर वाहणार आहे, तिचं नाव सांगा. आईबापांनी ठेवलेलं.

आणि कळशी, तू अजून तिथंच आहेस. गंगेपलीकडून तुला ऐकू येत नाही, तरी सांगतो. मैना रोज माझ्या तोंडावर ताट ठेवते आणि मी रोज ते खाली पाडतो. ती चिडते. चिडू दे. ती जागा तुझी आहे. बायडा तुला कमरेवर घेऊन या दारात येईपर्यंत मी तिथं दुसरं काही टिकू देणार नाही. हे माझं वचन.