देकी अनवाणी येते

म्हैसूरकडच्या जंगलात आम्हाला वस्तीसाठी जमीन मिळाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. माझी थोरली बहीण युदोन, तिचा नवरा सामद्रुप आणि मी, अशी आम्ही तिघं बांबूच्या एका झोपडीत राहायचो. आईबाप तिबेटातच राहिले होते. युदोनला मी अचा म्हणायचे, म्हणजे ताई. सामद्रुप माझे भाओजी.

मोठी माणसं दिवसभर जंगल तोडायची, तोडलेलं जाळायची आणि मोकळ्या जागेत मका पेरायची. हत्ती येऊन तो तुडवून जायचे. पण हत्तींपेक्षा आम्ही तापाला जास्त घाबरायचो. वस्तीत असं घर नव्हतं जिथे कुणी ना कुणी घोंगडीखाली कुडकुडत पडलेलं नसे. थंडी म्हणजे बर्फ, एवढंच आम्हाला ठाऊक. इथे अंगातून घामाच्या धारा लागलेल्या दुपारी माणसाचे दात वाजायला लागायचे. म्हातारी माणसं म्हणत, आपण झाडं तोडली म्हणून त्यांच्या मुळाशी राहणारे नाग कोपलेत. मग लामा ओढ्यात दूध सोडायचे. दवाखान्यातली नर्स सरोजम्मा कडू गोळ्या द्यायची. लोक दोन्ही करायचे आणि बरे व्हायचे.

अचा मात्र बरी होईना. उठायची, चार दिवस कुऱ्हाड चालवायची आणि पुन्हा पडायची. गालफडं बसली, डोळे पिवळे पडले. ताप चढला की ती दाराकडे तोंड करून निजायची. मी एकदा दार लोटायला गेले तर म्हणाली, "राहू दे. देकी बाहेर आहे."

देकी तिची मुलगी. आम्ही तिबेटातून निघालो तेव्हा पाच वर्षांची होती. खिंड ओलांडताना ती गेली. त्या वेळी अचाला दिसत नव्हतं. बर्फावरच्या उन्हाने तिचे डोळे सुजले होते, त्यांवर काळं फडकं बांधलं होतं, आणि खेचराची शेपटी धरून ती चालत होती. देकी भाओजींच्या पाठीवर होती. एका ठिकाणी ते थांबले आणि पोर गेली म्हणाले. अचाने चाचपडत तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग भाओजींनी तिच्यावर दगड रचले आणि आम्ही पुढे निघालो, कारण थांबलं असतं तर सगळेच तिथे राहिलो असतो.

पुढच्या तापात अचा म्हणाली, "तिच्या पायात काही नाही. बर्फात अनवाणी उभी आहे पोर."

भाओजी कोपऱ्यात लाकडं फोडत होते. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि बाहेर निघून गेले. संध्याकाळपर्यंत परतले नाहीत.

नंतर एकदा अंथरूण उन्हात टाकताना तिच्या उशाच्या गाठोड्यातून पांढऱ्या गोळ्या घरंगळल्या. मूठभर तरी असतील. मी विचारलं तर ती लपवाछपवी करत बसली नाही.

"गिळल्या की ती येत नाही," ती म्हणाली.

"अचा, तू मरशील."

"त्या दिवशी माझे डोळे बांधलेले होते, छिमे. माझी पोर गेली आणि मी तिला पाहिलंसुद्धा नाही. ताप चढला की मला दिसतं."

मी भाओजींना सांगितलं. त्याच आठवड्यात सरोजम्मानेही अचाचं पोट दाबून पाहिलं आणि दुभाष्याकडून निरोप दिला की पानथरी, म्हणजे प्लीहा, फार वाढलीय, असे आणखी ताप हिला झेपणार नाहीत. घरी आल्यावर भाओजी अचासमोर मांडी घालून बसले.

"तिचे बूट मी काढले," ते म्हणाले. "दगड रचायच्या आधी. छिमेचे फाटले होते, बोटं काळी पडली होती. देकीचे वाढत्या अंगाचे शिवले होते, म्हणून हिच्या पायांत कोंबले. तुला सांगू नको म्हणून हिला मीच बजावलं होतं."

अचाने मला जवळ बोलावलं आणि माझे पाय मांडीवर घेतले. डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. बर्फाने ती नेली, हे तिला माहीत होतं. बाकीची कशी वाचली, ते आजवर तिने कधी विचारलं नव्हतं. आता एकेका बोटावरून तिने हात फिरवला.

"बसले तुला?"

"घट्ट व्हायचे. टाचेला लागायचे."

"नवे होते," ती म्हणाली. "नवे लागतातच."

भाओजींनी गोळ्या पुढे केल्या. तिने त्या बाजूला सारल्या. आणखी एकदा ताप येऊ द्या, मग घेईन म्हणाली. भाओजी रागावले, मग हातापाया पडले. तिचं एकच म्हणणं. ती पोर दारात येऊन बूट मागत होती आणि आपण नुसतं बघत पडलो. तिला काहीतरी सांगायला हवं.

ताप आला. भर दुपार होती, बाहेर जळक्या बुंध्यांवरून धूर निघत होता. आम्ही असतील नसतील ती सगळी पांघरुणं अचावर घातली आणि दोन बाजूंनी दाबून धरलं, तरी ती हादरत होती. तिची नजर दाराकडे लागली होती. मग ती बोलायला लागली. पोरीला भात भरवताना बोलावं तशा आवाजात.

"बूट मावशीला दिलेत गं. तुझ्या बाबांनी दिले. मावशी चालत आली त्यात. तू आता उभी राहू नकोस, जा."

ती थांबली, ऐकल्यासारखं केलं, आणि हात पुढे केला. भाओजींनी त्यावर गोळ्या ठेवल्या. तिने त्या पाण्याशिवाय चावून खाल्ल्या.

ताप उतरल्यावर भाओजींनी घाबरत विचारलं, "काय म्हणाली ती?"

"काही नाही. छिमेकडे बघत होती."

अचाला त्यानंतर दोनदा ताप आला, पण देकी आली नाही. गोळ्या ती नेमाने घ्यायची आणि घेतल्यावर भिंतीकडे तोंड करून रडायची. पुढे ओढ्याकाठची दलदल बुजवली, वस्तीतला ताप ओसरला, अचाला दोन मुलगे झाले.

देकी यायची थांबली त्यानंतर, पण वस्तीतला ताप ओसरायच्या आधी, एकदा मीही तापाने पडले होते. थंडीने माझा जबडा आवळला होता. अचाने तो बोटांनी उघडून गोळी आत ढकलली, पाणी पाजलं आणि भाओजींना ऐकू जाणार नाही असं माझ्या कानाशी विचारलं, "दारात कोणी आहे का?"

मी पाहिलं. दारात नुसतं ऊन होतं.

"कोणी नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली, पण उठली नाही. माझा ताप उतरेपर्यंत ती तिथेच बसून होती, माझ्या आणि दाराच्या मध्ये.