टाकीखालच्या एबीएसची कैफियत

मी एबीएस बोलतोय. दचकू नका, मी काही कुठल्या कंपनीचा साहेब नाही. मोटारसायकलच्या पेट्रोलच्या टाकीखाली ॲल्युमिनियमची एक मुठीएवढी पेटी बसवलेली असते, ती मी. अंगाला एक छोटी मोटर, पाठीला कॉम्प्युटरची डबी आणि डोक्यावर दोन नळ्या. एका नळीने हँडलवरून ब्रेकचं ऑइल माझ्याकडे येतं, दुसरीने ते पुढच्या चाकाकडे जातं. मधल्या नाक्यावर मी.

काम विचाराल तर अगदी साधं. घाबरून कुणी ब्रेक करकचून दाबला की चाक जाम होतं आणि गाडी घसरते. तसं होऊ नये म्हणून मी तो दाब एका सेकंदात कितीतरी वेळा सोडतो आणि पुन्हा धरतो. असा प्रसंग वर्षातून चार-पाच वेळा येतो, बाकीचे दिवस मी बसून असतो. पण दुकानात जो माल वर्षातून चारदा मागितला जातो, तो ठेवल्यानेच कधीकधी दुकानाची पत राहते. मी त्यातला.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यातला. तिथं मला हातात घेणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. केसाएवढा कण पोटात गेला तरी मी आजारी पडेन, म्हणून एवढे लाड. तिथून एका मोटारसायकलच्या पोटात बसून छत्रपती संभाजीनगरच्या शोरूमला आलो आणि सहा वर्षांपूर्वी दसऱ्याला चितेगावच्या अजिनाथच्या दारात उभा राहिलो.

अजिनाथ गावाजवळच्या एका कंपनीत दुसऱ्या पाळीला जातो. त्याच्या वडिलांनी, कारभारीबाबांनी, सगळी उमर मेंढरांमागे काढली. आता दारात अकरा शेळ्या आहेत आणि त्यांचं सगळं बाबाच बघतात. मला या घरात आणलं ते मात्र अजिनाथच्या बायकोने, रत्नमालाने. आधीच्या जुन्या गाडीवरून नवराबायको ओल्या रस्त्यावर घसरले होते आणि तिचं मनगट मोडलं होतं. शोरूममधल्या माणसाला ती म्हणाली, "रंग कोणताबी द्या, ब्रेक तेवढे शहाणे पायजेत."

सहा वर्षं बरी गेली. माणसांची एक रीत मात्र मला कळली नाही. दर दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, लिंबू बांधलं, पेढा हँडलला लावला. माझं ऑइल मात्र एकदाही बदललं नाही. हार बाहेरून दिसतो ना, ऑइल कुणाला दिसतंय!

या सहा वर्षांत रत्नमाला हीच गाडी चालवायला शिकली, लॅबचा कोर्स करून मोकळी झाली आणि उस्मानपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये तिला काम मिळालं. सकाळी घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त घ्यायचं. अट एकच, गाडी स्वतःची हवी. लॅबच्या निशा मॅडम म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी गाडी घेऊन या. त्या दिवशी आला नाहीत तर दुसरी मुलगी तयार आहे."

आणि नेमका दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मीटरवर माझा पिवळा दिवा लागला तो विझेना. ब्रेक दाबला की पुढचं चाक धरून बसायचं, सोडायचंच नाही.

नाक्यावरच्या कडुबा मिस्तरीने गाडी पुढेमागे ढकलून पाहिली. "अजिनाथभाऊ, हे डबडं गेलं. नवं घ्यायचं तर लई महाग. काढून फेकू. ह्या नळीला ती नळी जोडतो, दोन तासात गाडी चालू."

"चालंल ना?"

"चालंल म्हंजी? पळंल! आपल्या बापजाद्यांनी कुठं एबीएस लावला होता?"

"म्हणूनच त्यांचे गुडघे फुटलेले," रत्नमाला म्हणाली. "दिवसाला धा घरं करायची मला, तीबी घाईत. अर्ध्या ब्रेकावर मी गाडी नेणार नाय."

अजिनाथ चिडला. "मग सोमवारी काय खांद्यावर बसवून नेऊ तुला?"

"न्या की. लग्नात उचला म्हणले तर मागं सरला होतात."

कडुबा हसत हसत पाने गोळा करून गेला. माझा जीव भांड्यात पडला, पण भांडं अजून चुलीवरच होतं.

बुधवारी दोघं उस्मानपुऱ्यात शिवशंकरशेठच्या दुकानात गेले. शेठ जुने स्पेअर पार्ट विकतात. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण वस्तू उघडून उघडून. त्यांनी आधी चहा मागवला आणि मग गोष्ट काढली.

"फर्दापूरचा एक जीपवाला आला. म्हणला, शेठ, इंजिन उतरवा, गाडी ओढत नाय. म्या म्हणलं, बसा, चहा घ्या. चहा येईस्तोवर बघितलं तर हवेच्या फिल्टरात चिमणीचं घरटं! बरं, त्यात अंडी. भला माणूस, पिल्लं उडेस्तोवर गाडी इथंच सोडून यष्टीनं फिरला. तात्पर्य काय वहिनी, आधी रोग बघायचा, मग औषध."

"पण शेठ, मिस्तरी म्हणतो हे उघडतच नाय," अजिनाथ म्हणाला.

"माणसानं बंद केलंय नव्हं? मग माणसाला उघडतं. उघडणाऱ्याला फकस्त सबर पायजे." शेठनी गाडीचं मॉडेल विचारून माझ्या पोटातल्या मापाच्या रबरी रिंगा काढून दिल्या आणि बोटं मोजत बजावलं, "पेट्रोलनं धुवायचं नाय, रॉकेलनं धुवायचं नाय, रबर फुगतं. स्पिरिटनं धुवा. आन् काढलेलं ऑइल फेकू नका, बाटलीत ठेवा. जुनं बघितल्याबिगर नवा डॉक्टर काय सांगणार?"

गुरुवारी सकाळी दारातल्या पत्र्याच्या सावलीत माझं ऑपरेशन झालं. बॅटरी सोडली, टाकी उतरवली. एकेक नट काढण्याआधी रत्नमाला मोबाइलवर फोटो काढत होती. ब्रेकचं ऑइल रंग खातं हे अजिनाथला माहीत नव्हतं. एक थेंब टाकीवर पडला, रंगाला फोड आला आणि त्याचा चेहरा पाहुण्यांपुढे पोरगं रडावं तसा झाला. माझी कॉम्प्युटरची डबी कोरड्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. बाकीचे भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये, नंबर टाकून. पोटातला छोटा पंप काकवीत रुतल्यासारखा अडकला होता, रिंगा भिजलेल्या हरभऱ्यासारख्या टम्म. सगळं स्पिरिटने धुतलं, नव्या रिंगा नव्या ऑइलमध्ये बुडवून बसवल्या. मला सहा वर्षांनी मोकळा श्वास आला.

शुक्रवारी गाडीवर चढवलं. अजिनाथ कॅनॉलपर्यंत गेला आणि चालत, गाडी ढकलत परत आला. एका किलोमीटरात ब्रेकने पुन्हा चाक धरलं होतं. डिस्कवर पाणी टाकलं तर चर्र झालं.

"बास," तो म्हणाला. "कडुबाला बोलावतो. सोमवार तीन दिवसांवर आला, आन् आपण इथं अंड्याचे ट्रे खेळतोय."

त्याने मोबाइल काढला. मला वाटलं, संपलं. आता मी भंगारात.

 रत्नमाला खिडकीत ठेवलेल्या जुन्या ऑइलच्या बाटलीपाशी गेली. कालचं जुनं ऑइल रात्रभर हललं नव्हतं. रक्ताची नळी उभी ठेवली की वर-खाली थर बसतात, ते तिने कोर्समध्ये रोज बघितलं होतं. तिने बाटली उजेडात धरली. खाली काळपट ऑइल, वर बोटभर पिवळा थर. झाकण काढून तिने वास घेतला.

"अहो, थांबा. फोन लावू नका. ह्याला भाजीचा वास येतोय. हे करडईचं तेल हाय."

 कारभारीबाबा शेळीच्या गळ्यातली दोरी उगाच सोडत होते, उगाच बांधत होते.

"मामा?" रत्नमालाने सासऱ्यांना विचारलं.

"म्या टाकलं," बाबा म्हणाले. मान वर केली नाही. "दिवाळीच्या टायमाला. हँडलवरच्या त्या डबीच्या काचेत तेल खाली गेल्यालं दिसलं. म्हणलं, चाक कोरडं पडलं आसंल. बैलगाडीच्या आसाला आमी जलमभर करडईचंच घातलं. बैल कवा कुरकुरला नाय."

"आन् आबा, चार दिवस आम्ही डोकं फोडतोय, तवा सांगितलं का नाय?" अजिनाथचा आवाज चढला.

"सांगणार व्हतो. पर पोरीची नवकरी जाती म्हणल्यावर तोंडच उघडंना."

अजिनाथ आणखी बोलणार होता. रत्नमालाला मात्र हसू फुटलं. "मामांनी गाडीला फोडणी दिली! बरं झालं, मोहरी नाय टाकली." मग बाबाही हसले, पण डोळे पुसत.

फोनवर शेठ ओरडलेच, "सापडला रोग! मग त्या बिचाऱ्या पेटीचा दोष नाय. हँडलवरच्या पंपाचं रबर, चाकाजवळचं रबर, दोन्ही नळ्या, सगळं बदला. तेल लागलेलं एकबी रबर ठेवू नका. आन् पेटी परत उघडा, परत धुवा."

शनिवारी माल आला, रविवारी सकाळी पुन्हा ट्रे मांडला. दुसऱ्यांदा हात सराईत झाले होते. दुपारच्या आत सगळं जोडून झालं. उरली हवा काढणं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर ब्रेक पोकळ लागतो. एकाने हँडलवर ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा नट किंचित सैल करून हवा बाहेर घालवायची, नट आवळायचा आणि मगच ब्रेक सोडायचा. रत्नमालाने नटाला मेडिकलमधून आणलेली सलाइनची कोरी नळी लावली, बुडबुडे दिसावेत म्हणून. अजिनाथ हँडलपाशी. पण तो घाईचा माणूस. नट आवळायच्या आत हात सोडायचा आणि हवा पुन्हा आत जायची. अर्धा तास हेच.

बाबा उठले. "सर तिकडं. धार काढतोस का पंक्चर? शेळीनं लाथच घातली आसती तुला."

स्टूल ओढून ते बसले. पन्नास वर्षं धारा काढलेला हात ब्रेकवर आला. सावकाश, एकसारखा, ना कमी ना जास्त.

"दाबा," रत्नमाला म्हणायची. "धरा. हां, सोडा."

नळीतून बुडबुडे आले, मग कमी झाले, मग नुसतं स्वच्छ ऑइल येऊ लागलं. त्या हाताचा दाब माझ्या पोटापर्यंत पोचत होता. एवढ्या कसबी माणसाशी माझा व्यवहार आधी कधी झाला नव्हता.

पण माझ्या झडपांमागे थोडी हवा अजून दडली होती, आणि ती मी स्वतः काम केल्याशिवाय निघत नाही. म्हणून कॅनॉलकडच्या मुरमाच्या रस्त्यावर हळू वेगात एकदा जोरात ब्रेक मारून बघायचं ठरलं.

"मी जातो," अजिनाथ म्हणाला.

"नोकरी माझी. मीच जाणार." तिने हेल्मेट बांधलं. बाबांनी डोळे मिटून घेतले.

तिने वेग धरला आणि पुढचा ब्रेक दाबला. मुरूम सरकला, चाक जाम होणार, तोच मी कामाला लागलो. कर्रर्र करत तिच्या बोटांखाली थरथरलो. गाडी सरळ उभी राहिली. "बोलला! अहो, बोलला!" ती तिथूनच ओरडली. घरी येऊन बाबांनी पुन्हा ब्रेक धरला, उरलेले तीन बुडबुडे निघाले आणि ब्रेक हाताला घट्ट लागला.

सोमवारी सकाळी शिवशंकरशेठच्या दुकानापुढे आम्ही दोन मिनिटं थांबलो. त्यांनी चाक फिरवून पाहिलं, सांधे तपासले आणि म्हणाले, "जा वहिनी, बिनधास." बरोबर साडेसातला रत्नमाला पहिल्या घरी होती. केसरबाई नावाच्या आजी उपाशीपोटी दारात बसून होत्या. "आलीस का बाई? मागचा पोऱ्या नऊ वाजवायचा. घे लवकर रक्त, मला चहा पिऊ दे."

याला आता दोन महिने झाले. निशा मॅडमनी तिला उस्मानपुऱ्याबरोबर आणखी एक भाग दिला आहे.

तुमच्याही गाडीत माझा एखादा भाऊबंद असेल. दर दोन वर्षांनी त्याचं ऑइल बदला, बाटलीवर लिहिलंय तेच घाला. दिवा लागला तर त्यावर चिकटपट्टी लावू नका. आणि घरात कुणी चुकून काही केलं असेल, तर त्याला सांगता येईल असं वातावरण ठेवा. निम्मे रोग तिथंच सापडतात.

चला, किल्ली फिरली. पुढचा पत्ता रेल्वे स्टेशनकडचा आहे, आणि समोरचा रिक्षावाला मान मागं वळवून सवारीशी गप्पा मारत निघालाय. मला सावध राहिलं पाहिजे.