डबल बेलशिवाय न हलणारी बस

ज्या बसच्या चाकांना आजवर धुळीचा कण लागलेला नाही, अशी एक बस आपणांशी बोलत आहे. नवल वाटून घेऊ नये. मी संगणकावरील खेळातली बस आहे. माझ्यात डिझेल भरावे लागत नाही, माझे टायर झिजत नाहीत, आणि ज्या प्रवाशांना मी वाहून नेते त्यांच्यापैकी एकालाही घर नाही. तथापि मला कोणी खोटी म्हटलेले आवडत नाही. माझ्याकडून एक खरे काम झाले आहे. तेवढे सांगते आणि आपली रजा घेते.

माझा सांगाडा कोण्या दूरदेशीच्या कारागिरांनी बनवला. त्यांना मी ओळखत नाही. मला जे रूप आहे ते कुरुळीच्या गोरक्षने दिले. गोरक्ष चाकणच्या एका कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांच्या साच्यांवर काम करतो. शिफ्ट संपवून आला, चहा घेतला, की भाड्याच्या खोलीत संगणकापुढे बसायचा. चार महिने तो माझ्यासाठी खपला. पिंपरीच्या थांब्यावर उभे राहून त्याने खऱ्या बसगाड्यांची दोनशेवर छायाचित्रे घेतली होती. त्यांवरून माझा लाल रंग, मागच्या पत्र्याला आलेला पोचा, तिसऱ्या बाकाची उसवलेली शिवण, ‘चालत्या गाडीतून उतरू नये’ ही पाटी, सारे त्याने जसेच्या तसे उतरवले. छतालगतची घंटेची दोरीसुद्धा काढली. घंटेला आवाज द्यायला मात्र विसरला. छायाचित्रातून घंटा ऐकू येत नाही, आणि गोरक्ष स्वतः कामाला दुचाकीवर जातो.

मग त्याने मला ज्याला हवी त्याला घेता यावी अशी इंटरनेटवर ठेवून दिली. तिथून मी दिघीला सोनलच्या घरी आले.

सोनल चोवीस वर्षांची. चाकणच्याच एका कारखान्यात माल तपासण्याचे काम करते. आईवडील गावाकडे, आणि ती आजीआजोबांजवळ. कामावर ती अतिशय नेटकी असावी. माझ्याशी मात्र नेटकी नव्हती. पहिल्याच दिवशी तिने मला एका भिंतीवर नेऊन आदळले, केवळ काय होते ते पाहण्यासाठी. तिची मैत्रीण श्रद्धा आली, तिनेही तेच केले. पदपथावरून जाणे, लाल दिव्याला न थांबणे, प्रवासी उतरत असताना निघून जाणे हे तर रोजचेच. मी तक्रार केली नाही. माझ्या गावात कोणी जखमी होत नाही. भिंतीला तडाही जात नाही.

संगणकाचे मेज बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून होते. समोरच्या कॉटवर सोनलचे आजोबा चिमाजी पडून असत. एकतीस वर्षे त्यांनी शहरात बस चालवली होती. निवृत्तीनंतर नऊ वर्षे बरी गेली, आणि यंदा चैत्रात अर्धांगाचा झटका आला. पाय महिन्याभरात चालता झाला. जीभही सुटली. डावा हात तेवढा मुठीत वळून बसला. योगिनी नावाची व्यायाम शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येई. तिने स्पष्टच सांगितले होते, “आबा, पहिले सहा महिने महत्त्वाचे. या काळात हात उघडला तर उघडला. नंतर फार कठीण जातं.”

तिने रबराचा चेंडू दिला, तो कॉटखाली गेला. ताटातले राजम्याचे दाणे एकेक करून वाटीत टाकायला सांगितले. आजोबांनी ताट सरकवून दिले. “म्या काय बालवाडीत हाय का?” एवढे बोलून ते भिंतीकडे तोंड करून निजले. असे करता करता तीन महिने संपले.

सोनलने पिंपरी कॅम्पातून कोणाचे तरी वापरलेले स्टिअरिंगचे चाक, पायाशी ठेवायची दोन पेडले आणि गिअरचा दांडा आणला. सगळे मेजाला आवळून बसवले. कारखान्यात तिची दुसरी पाळी होती, त्यामुळे सकाळ मोकळी. आजोबांना काही न विचारता तिने मला चालू केले आणि बराच वेळ मुद्दाम वाईट चालवत राहिली.

पंधरा-वीस मिनिटांनी कॉटवरून आवाज आला. “आरसा वाकडा हाय तुझा.”

“कुठला?”

“डावा. त्यात नुसतं आभाळ दिसतंय. मागचं चाक कोण बघणार, तुझा बाप?”

“माझा बाप तुमचाच मुलगा आहे, आबा. तुम्हीच या आणि नीट करा.”

ते आले. आरसा नीट करून घेतला. क्लच नाही हे त्यांना पसंत पडले नाही. “बिनक्लचची बस म्हंजी बिनकण्याचा बैल,” म्हणाले. मग उजव्या हाताने डावा हात उचलून त्यांनी गिअरच्या दांड्यावर ठेवला, जसा आपण निजलेल्या मुलाचा हात उचलून पांघरुणात ठेवतो. बोटे दांड्याभोवती पुरती वळेनात. तरी पहिला गिअर पडला. माझ्या आयुष्यात मला इतके हळुवार कोणी हलवले नव्हते.

पहिला थांबा आला. माणसे चढली, दार लागले. आणि मी उभीच. पडद्यावर उशिराचे गुण कापले जाऊ लागले.

“आबा, निघा ना.”

“बेल कुठं झाली?”

“या गेममध्ये कंडक्टरच नाहीये.”

“मग गाडी डेपोतनं सोडली कोनी?”

येथे वाचकांसाठी सांगते. बसमध्ये एक घंटा झाली की थांबायचे आणि दोन झाल्या की निघायचे. दोन घंटांचा अर्थ, मागच्या माणसाने दाराकडे पाहिले, पायरी रिकामी आहे. एकतीस वर्षे चिमाजींनी त्या दोन घंटांवाचून गाडी हलवली नव्हती. त्यांचे कंडक्टर अण्णासाहेब त्यांच्यासोबतच निवृत्त झाले आणि दोन वर्षांपूर्वी वारले.

सोनलने तोंडाने “टिंग टिंग” करून पाहिले. “तोंडाची बेल नसती,” असे उत्तर मिळाले. प्रवासी चढून बसलेले, गुण कापले जात आहेत, आणि आजोबा आरशात पाहत शांत बसून आहेत.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पितळी थाळीवर उलथण्याचे दोन टोले पडले. सगुणाबाईंचा, म्हणजे आजींचा, वैतागलेला आवाज आला, “घ्या. निघा एकदाचं. भाजी करपाया लागली तुमच्या वादात.”

आजोबांनी गिअर टाकला.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला मी निघू लागले. आरंभी आजी आतूनच, भाकरी थापता थापता, न पाहता टोले देत. एकदा आजोबा निघेनात.

“दिली की बेल!”

“म्हातारी पायरीवर हाय अजून. बगून देत जा.”

“पडद्यातली म्हातारी ती. पडली तर काय दवाखान्यात न्यायचीय?”

पण आजी बाहेर आल्या. पाट घेऊन आजोबांच्या खुर्चीमागे, पडदा दिसेल अशा जरा बाजूला बसल्या. दोन दिवसांत त्यांना प्रवाशांची ओळख पटू लागली. निळ्या शर्टवाला रोज एकाच थांब्यावर चढतो आणि पुढच्याच थांब्यावर उतरतो, हे त्यांनीच शोधून काढले. “एवढं चालाया काय झालं त्याला? पाय हायेत का चाकं?” त्या म्हणत. योगिनी येई तेव्हा बोटांमधली जागा मोजून वहीत मांडी. दुसरा गिअर जमला, तिसरा जमला. आता मनगट वळवून टाकायचा, गाडी मागे नेणारा रिव्हर्स गिअर तेवढा राहिला होता. सहा महिन्यांना सहा आठवडे उरले होते.

आणि एका सोमवारी योगिनीच्या देखत आजोबा बोलून गेले, “हिची बेल उशिरा पडती. अण्णासाहेबाची सर न्हाई यायची हिला. कामाची न्हाई.”

आजींनी थाळी मेजावर ठेवली. आवाज चढवला नाही.

“एकतीस वर्सं तुमच्या मागं कोनी तरी हुतं. दार बगाया, बेल द्याया. माज्या मागं कोन हुतं? दोन बाळंतपनं झाली तवा तुमी डूटीवर. सासूबाई गेल्या तवा तुमी डूटीवर. दर दिवाळीला जादा गाड्या. म्या कवा म्हनलं, की तुमची बेल उशिरा पडती?”

त्या आत गेल्या. योगिनीने वही मिटली आणि चप्पल शोधू लागली.

पुढचे आठ दिवस मी पहिल्या थांब्यावर उभी होते. आजोबा दहाला येऊन बसत, दार लावत, आरशात पाहत, आणि अर्ध्या तासाने उठून जात. आतून भांड्यांचे आवाज येत, पण थाळीचे दोन टोले येत नसत. जेवणखाण वेळच्या वेळी होत होते. त्या घरात अबोलाही शिस्तीचा होता. नवव्या दिवशी योगिनीने बोटे मोजली आणि सोनलला दाराशी नेऊन हलक्या आवाजात म्हणाली, “परत वळायला लागलीत. असंच चाललं तर केलेलं सगळं जाईल.”

सोनलने त्याच दिवशी गोरक्षला संदेश पाठवला. बस फार सुंदर केली आहे, पण घंटेला आवाज द्याल का, आजोबांच्या हाताचा प्रश्न आहे. गोरक्ष भला मुलगा. त्याने कुरुळीहून पुण्याला जाणाऱ्या बसमध्ये बसून खरी घंटा ध्वनिमुद्रित केली आणि तिसऱ्या दिवशी माझ्यात बसवली. दार लागले की आपोआप दोन ठोके. मला वाचा फुटली म्हणून मला किती आनंद झाला असेल, याची कल्पना करावी.

दुसऱ्या सकाळी आजोबा चाकापुढे बसले, सोनल उत्साहाने शेजारी बसली. दार लागले. टिंग टिंग. आवाज खणखणीत होता.

आजोबा हलले नाहीत.

“आबा, झाली की बेल. खरी आहे, रेकॉर्ड केलेली.”

“कोनी दिली?”

“बसनेच दिली. आपोआप.”

“गाडी सवताच सवताला बेल देती?” त्यांनी डावा हात दांड्यावरून उचलून मांडीवर ठेवला. “आवाजाचं काय घिऊन बसलीस पोरी. बेल म्हंजी मागं मानूस हाय. त्याचा डोळा दारावर हाय, म्हनून म्या पुढं बगून चालवतो. मागं कोनी न्हाई तर कशाच्या भरवशावर जायाचं?”

मग स्वयंपाकघराच्या दाराकडे मान न वळवता ते म्हणाले, “अण्णासाहेबापरीस ही बरी बगत हुती. त्यानं निळ्या शर्टवाल्याला जन्मात वळखलं नसतं. म्या वंगाळ बोललो त्या दिवशी.”

आत कुकरची शिटी झाली. कोणीतरी गॅस बंद केला. उशिरा आलेल्या प्रवाशांसाठी माझे दार पुन्हा उघडले होते, पडद्यावर गुण कापले जात होते. सोनलने तो आकडा हाताने झाकून धरला होता.

आजी पदराला हात पुसत आल्या. पाट ओढला, थाळी घेतली. पडद्याकडे निरखून पाहिले.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “ती पोरवाली बाई चढतीय अजून.”

आजोबा थांबले. ती बाई चढली. नंतर दोन टोले पडले.

गोरक्षने दिलेला आवाज सोनलने त्याच दिवशी बंद केला. क्षणभर वाईट वाटले, हे मी लपवत नाही. पण ज्या घंटेमागे डोळा नाही तिचा मला तरी काय उपयोग?

उरलेल्या दिवसांत आजोबा सकाळ-दुपार दोन्ही वेळ बसू लागले. रिव्हर्स गिअर पडला तो सहा महिने भरायला अकरा दिवस असताना. हात पूर्ववत झाला असे मी म्हणणार नाही. अतिशयोक्ती मला रुचत नाही. करंगळी अजून वळलेलीच आहे. पण सदऱ्याची बटणे ते आता स्वतः लावतात.

आता मी पूर्वीसारखी रोज निघत नाही. आजोबा सकाळी काठी घेऊन दिघीच्या थांब्यापर्यंत चालत जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्यांचे आरसे तपासत उभे राहतात. खेळाची नवी आवृत्ती यायची आहे, असे सोनल म्हणत होती. त्या आवृत्तीत गोरक्षने घडवलेले रूप बसणार नाही, आणि नव्यासाठी जागा करायची म्हणून मला पुसून टाकावे लागेल. त्याची मला खंत नाही. जो कोणी यापुढे माझ्यासारखी गाडी चालवील, मग ती पडद्यावरची असो वा रस्त्यावरची, त्याला माझी एकच विनंती आहे. निघण्यापूर्वी पायरीकडे कोणी पाहिले आहे का, एवढे विचारावे.

गेल्या रविवारी मात्र मी एक फेरी केली. आजी म्हणाल्या, “मला बी एकदा चालवू द्या की. एवढं काय हाय त्यात?” सोनलने त्यांना खुर्चीवर बसवले, चाकावर हात ठेवून दिले, पेडले दाखवली. त्यांनी पदर कमरेला खोचला. मला वाटले, आता भिंत.

पण आजी हलल्याच नाहीत. प्रवासी चढले, दार लागले. त्या समोर पाहत ताठ बसून राहिल्या.

मागे पाटावर आजोबा बसले होते. उजव्या हातात उलथणे होते. डाव्या हाताने, करंगळी सोडून चार बोटांनी, त्यांनी पितळी थाळी काठाला धरून उचलली. माझ्या दाराकडे नीट निरखून पाहिले.

“कुनी न्हाई पायरीवर,” ते म्हणाले. “जावा बिनघोर. म्या हाय मागं.”

दोन टोले पडले. थाळी हातातून सुटली नाही. मी निघाले.