एकशे सत्तावन्नची रेघ

लवंगीला लवंगी का म्हणायचे ते तिला बघितलं की लगेच कळायचं. उंची चार फूट दहा, अंगावर मूठभर मांस, आणि तोंड सुटलं की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी! मोठाल्या लोखंडी टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात ती सात वर्षं वेल्डर होती, पण कंत्राटी. टाकीच्या पोटात शिरायला वर एक भोक असतं, जेमतेम परातीएवढं. त्यातून आत उतरायचं आणि आतला सांधा जोडायचा, हे तिचं काम. बाकीचे गडी भोकात डोकं घालायचे, खांदे अडकले की तसेच माघारी यायचे. ही मात्र मासोळीसारखी सुळकन आत.

तर सात वर्षांनी कारखान्याला जाग आली. आतल्या सांध्यासाठी कायमचा वेल्डर, जागा एकच. कायम झालं की दर अकरा महिन्यांनी गेटवर "उद्या येऊ नको, परवापासून नवीन म्हणून ये" हे नाटक बंद. हाताची परीक्षा झाली, त्यात लवंगी पहिली. दुसरा आला स्टोअरकीपरचा मेहुणा, दोघांतच चुरस होती म्हणून दुसरा. आता राहिली फक्त मेडिकल.

सकाळी सासूबाईंनी बजावलं, "थायरॉइडच्या गोळीचं बोलू नकोस हं. या लोकांना निमित्तच लागतं."

"विचारलं तर सांगणार. चोरी केलीय का मी?"

"जा मग, हरिश्चंद्राची नात!"

कंपनीचा डॉक्टर हा एक नमुनाच होता. दोन जिने चढला की खुर्चीत पडून पाच मिनिटं भात्यासारखा धापा टाकायचा, आणि मग दुसऱ्यांचा दम मोजायचा! शेजारी कर्मचारी अधिकारी, टाय गळ्याला आवळलेला, मान आत गेलेली. फॉर्म या दोघांच्या हातात. लवंगीला त्याचा कागदसुद्धा दिसला नाही.

"ओ बाई, भिंतीला टेका." भिंतीवर लाल रेघ होती, एकशे सत्तावन्न सेंटीमीटर. लवंगीचं डोकं रेघेच्या चार इंच खाली. "टाच उचलू नका."

"उचलून तरी काय होणारे?"

"चष्मा काढा. समोरचं वाचा."

"चष्मा लावूनच काम करते मी, डॉक्टर."

"चष्म्याशिवाय. नियम आहे. काही गोळी-बिळी?"

"थायरॉइडची. रोज एक."

डॉक्टरने लाल पेनाने त्याखाली दोन रेघा मारल्या, जणू बाईने खून कबूल केला. मग तिला व्हरांड्यात पळायला लावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार वेळा. आणि मग काय म्हणावं?

"ओरडा."

"काय?"

"मोठ्याने ओरडा, 'कोण आहे तिकडे?'"

लवंगीला कळेना, टाकीत दुसरं असणार कोण? पण ओरडली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "मी आहे!" म्हणून उत्तर दिलं. डॉक्टरने आवाजाला बरोबरची खूण केली. बाकी सगळ्यावर फुली, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'अनफिट'.

"सात वर्षं फिट होते ना?" लवंगी म्हणाली.

"ते कंत्राटाचं. कंत्राटाला शरीर लागत नाही," अधिकारी म्हणाला. म्हणाला खरंच असं! आणि वर स्वतःच्याच वाक्यावर हसला.

मग मेहुणा आत गेला. उंच, रुंद, छाती फुगवली की शर्टाचं बटण उडेल असा. पाच मिनिटांत फिट होऊन बाहेर आला, पण चेहरा पडलेला. "ताई, मला नाही कळत हे काय चाललंय," म्हणाला. तो बरा होता बिचारा.

लवंगी डबा घेऊन जिन्यावर बसली. भूक मेली होती. घरी जाऊन काय सांगायचं? सासूबाई 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणणार नाहीत, नुसत्या बघतील. ते जास्त वाईट.

तेवढ्यात खाली धावपळ. गिऱ्हाइकाचा तपासनीस टाकी बघायला आला होता. पाणी भरून दाब दिला, तर आतला एक सांधा घामासारखा पाझरायला लागला. टाकी रिकामी केली, पुसली, आत हवा सोडली. तपासनीस घड्याळ बघतोय, तीनपर्यंत थांबेन म्हणतोय. अधिकारी मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "आपला नवा फिट माणूस आहे ना!"

नवा फिट माणूस भोकात उतरला. म्हणजे डोकं उतरलं. मग एक हात. दुसरा हात आणि खांदे काही केल्या जाईनात. अधिकारी वरून म्हणतो, "श्वास सोड!" डॉक्टर म्हणतो, "अजून सोड!" मेहुण्याने सोडायचा तेवढा सोडला आणि आतून घुमल्यासारखा ओरडला, "अहो, ओढा आता मला!" चौघांनी ओढून काढला.

फोरमन तोपर्यंत चिडून लाल. त्याने अधिकाऱ्याच्या हातातला फॉर्म हिसकला आणि मोठ्याने वाचायला लागला. "'रात्री गस्त घालण्यास समर्थ'... 'भिंतीवरून उडी'... अहो, हा चौकीदाराचा फॉर्म आहे!"

"वेल्डरचे संपले होते," अधिकारी पुटपुटला. "छापायला टाकलेत. फॉर्म फॉर्मच असतो."

"आणि डॉक्टर, तुम्ही?"

"मी फॉर्ममध्ये आहे ते तपासतो," डॉक्टर म्हणाला. बघा हं, या माणसाने एका वेल्डरबाईला 'कोण आहे तिकडे' ओरडायला लावलं आणि त्याला एकदाही प्रश्न पडला नाही! बैलसुद्धा नवा रस्ता दिसला की थबकतो.

आता सगळ्यांचे डोळे जिन्याकडे. अधिकारी आला, आवाजात तूप. "मॅडम, आजच्यापुरतं जरा आत जाता का? कंत्राटावर."

"अनफिट आहे मी. आत काही झालं तर तुमच्यावर येईल."

"असं काय करता? डॉक्टर लिहितील उंची एकशे सत्तावन्न. बूट धरून."

"बुटाला चार इंच टाच असते का?" लवंगी उठली. "खरी उंची लिहा. चष्मा लिहा, गोळी लिहा. आणि वेल्डरच्या फॉर्मवर लिहा, कायमच्या जागेसाठी. नाहीतर जाते मी घरी."

"बाई, अडवून धरताय तुम्ही!"

"मी? मी तर इथे जेवायला बसले होते."

वेल्डरचा जुना फॉर्म फोरमनच्याच कपाटात निघाला. त्यात उंचीचा रकानाच नव्हता. हात स्थिर का, जवळचं दिसतं का, चष्म्यासह चालेल, कोंडलेल्या जागेत घाबरतो का, श्वास बरा का. चार मिनिटांत सगळं. गोळीचं डॉक्टरने या वेळी काळ्या पेनाने लिहिलं, 'नियमित घेते, हरकत नाही'. तीच गोळी, तोच डॉक्टर! 'फिट' लिहिलं, शिक्का मारला, अधिकाऱ्याने नेमणुकीच्या कागदावर सही ठोकली.

"बघा, आमच्याकडे अन्याय होत नाही," तो कपाळ पुसत म्हणाला. "इथे सही करा आणि पळा."

लवंगीने दोन्ही कागद घेतले आणि खुर्चीवर टेकली. पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. तपासनीस टाकीजवळ येरझाऱ्या घालतोय, फोरमन मिशीत हसतोय, डॉक्टर एका पायावरून दुसऱ्या पायावर. तिने पान उलटलं. पुन्हा मागे आली.

"अहो, काय वाचताय एवढं?"

"सकाळी दाखवला नव्हतात ना," ती म्हणाली, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत छापखान्याचा पत्ता होता, तोही वाचून काढला.