एकच खुंटी

लग्न नेमकं बांधावर करायचं ठरलं, कारण नवरीकडचे पलीकडे जाईनात आणि नवऱ्याकडचे अलीकडे येईनात. बांध म्हणजे काय साधासुधा? तीन हजार वर्षांपूर्वी, लोखंडही ठाऊक नसलेल्या लोकांनी हरणाच्या शिंगांनी खणून, पाट्या वाहून रचलेला. दोन पुरुष उंच, माथा चांगला रुंद, वर हिरवंगार गवत. त्याची राखण नवरीच्या आत्याकडे. सरकारी नेमणूक, आणि तोरा बघावा तर खुद्द तिनेच बांध घातल्यासारखा! 'इथे खुंटीही ठोकू नये' ही पाटी तिनेच रंगवलेली.

आणि तंबूवाला नेमका दोर बांधायची पाण्याची पिंपंच विसरून आला. त्यात वारा सुटला. कापड फुगलं, खांब लटपटायला लागले.

होणारा व्याही हातोडा घेऊन हजर! हा गृहस्थ दरवर्षी नांगराने थोडा थोडा बांध कोरायचा आणि आत्या दरवर्षी त्याला नोटीस धाडायची.

"एकच खुंटी, आत्याबाई," तो गोड हसला. "घरचं कार्य आहे. कोण बघतंय?"

आत्याने हातोड्याकडे पाहिलं, मग लटपटणाऱ्या खांबांकडे. आज भाचीसाठी एक खुंटी ठोकली, तर उद्या ह्याच्या नांगराला कोणत्या तोंडाने अडवायचं? आणि नाही ठोकली, तर पोरीचं लग्न कापडाखाली गाडलं जाणार!

"मी आहे ना खुंटी!" म्हणत तिने दोर कमरेला गुंडाळला आणि गवतात फतकल मारली.

मग काय विचारता! मामा बसला, मावश्या बसल्या, तंबूवाला शरमेने दोन दोर घेऊन बसला. वाऱ्याचा झोत आला की अख्खी रांग "अगं आई गं!" करत हातभर सरकायची आणि खिदळत मागे यायची. नोंदणी अधिकाऱ्याच्या एका हातात रजिस्टर, दुसऱ्यात दोर. एक कोपरा तेवढा सुटून नवरा-नवरीच्या डोक्यावर फडफडत होता. तिथे वजनदार माणूस हवा होता. सगळ्यांनी व्याह्याकडे पाहिलं.

व्याह्यांनी हातोडा टाकला आणि दोर धरला.

सह्या झाल्या, पार वेड्यावाकड्या. टाळ्या वाजवायला कुणाचा हात मोकळा नव्हता, म्हणून सगळे नुसतेच ओरडले. हसून हसून आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात आणखी एक झोत. व्याह्यांच्या धाकट्या भावाने तोल सावरायला बुटाची टाच रुतवली आणि मातीचं ढेकूळ निघालं.

"अरे ए गाढवा!" व्याही कडाडले. "बूट काढ आधी! बांध उकरतोयस!"

आणि दोर न सोडता, ते ढेकूळ त्यांनी स्वतःच पायाने हळूच दाबून जागच्या जागी बसवलं.