मागणीतली बोट

आमच्या बेटावर मुलीला मागणी घालायला नवरामुलगा स्वतः तोंड उघडत नाही. त्याच्या वतीने कुणी बोलका माणूस येतो आणि मुलीचं नावही न घेता तिच्या बापाशी बोलणी करतो. मेंढरंवाला असला तर मेंढी मागतो, समुद्रावरचा असला तर बोट. बाप वेड पांघरून आधी भलत्याच बायका पुढे करतो. मागणारा प्रत्येकीचं तोंडभर कौतुक करतो, काहीतरी सबब काढून तिला नाकारतो, आणि शेवटी खरी नवरी बाहेर येते. जन्मभर बघतेय मी हे. तेव्हा माझ्याबद्दल, मोरागला बिचारीला रीत ठाऊक नसेल, असं कुणी म्हणायला नको.

एफी माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या लेकीचं, इशबेलचं लग्न पलीकडच्या गावातल्या निलशी ठरलं. मागणीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात कोंबड्यांची पिसं उपटत बसलो होतो.

"खोटी नवरी म्हणून तूही उभी राहा गं," एफी म्हणाली.

"मी? या वयात?"

"मग? तरण्या पोरी उभ्या केल्या तर लोक हसणार कशाला?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"नाही. आणि निलकडून बोलायला त्याचा काका येतोय. टॉर्मोड."

मी पिसं उपटत राहिले. एकच कोंबडी दोनदा साफ केली.

हा टॉर्मोड समुद्रातली शेवंडं पकडतो, बोटी दुरुस्त करतो, आणि माझ्यासारखाच बिनलग्नाचा राहिलाय. डोक्यावर चपटी टोपी. ती फक्त चर्चमध्ये आणि कबरीपाशी उतरते, एरवी जेवतानासुद्धा नाही. मी शाळेत स्वयंपाक करते. दर शुक्रवारी तो मासळीची पेटी घेऊन यायचा, मी चहा द्यायचे, तो उभ्याउभ्याच प्यायचा. "वारा आहे," म्हणायचा. मी म्हणायचे, "आहे खरा." एवढाच आमचा संसार. पण तेवढं ऐकायला मी आठवडाभर वाट बघायचे, आणि हे मी एफीलाही कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी एफीचं घर माणसांनी भरलं. तिचा नवरा लाहलन शेगडीजवळच्या खुर्चीत राजासारखा बसला. टॉर्मोड टोपी घालून समोर उभा.

"ऐकलंय की तुमच्याकडे एक बोट आहे," तो म्हणाला. "माझ्या ओळखीत एक होतकरू खलाशी आहे."

"बोटी काय, पुष्कळ आहेत," लाहलन म्हणाला आणि त्याने आपल्या आईलाच पुढे केलं.

टॉर्मोडने म्हातारीभोवती एक चक्कर मारली. "असलं लाकूड हल्ली मिळत नाही. पण ही खलाशाला चालवेल, खलाशी हिला नाही." म्हातारी हसून हसून खोकायला लागली. मग शेजारची चिमुरडी आली. "हिचा रंग अजून ओला आहे," म्हणून त्याने तिलाही परत पाठवलं.

मग मी. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून कमरेमागे बांधले.

टॉर्मोडने माझ्याभोवती चक्कर मारली नाही, समोरच उभा राहिला. मग म्हणाला, "ही बोट चांगली आहे. कुठे गळत नाही, कुठे कुरकुरत नाही. हिला इतकी वर्षं किनाऱ्यावर ठेवली, तर बाकीच्यांना डोळे नव्हते असंच म्हणायचं. मी स्वतःसाठी मागायला आलो असतो, तर हिला सोडून पुढे गेलोच नसतो."

"मग घेऊन जा की," मी म्हणाले.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. खोटी नवरी बोलत नाही, बोलायचंच नसतं. बरं, चेष्टेत म्हणाले असते तरी खपून गेलं असतं. मी म्हणाले ते अगदी हळू, त्याच्या डोळ्यांत बघत, आणि ते सगळ्या खोलीने ऐकलं. शेगडीतला जाळ तेवढा वाजत होता.

"अरे, ही तर नांगर उचलूनच आलीय," लाहलन म्हणाला, आणि घर हसून कोसळलं.

टॉर्मोडचे कान लालबुंद झाले. खाली बघत तो म्हणाला, "मी पुतण्यासाठी आलोय." माझ्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही. इशबेल बाहेर आली, टाळ्या झाल्या, पेले भरले गेले. मी मागच्या दाराने कोट न घेताच घरी गेले. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, तर आमच्याकडे जमीन सगळी खडकाची, तिथे तीही सोय नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात पेगीने पाव पुढे केला आणि विचारलं, "मग मोराग, वारा अनुकूल आहे ना?" मी पैसे ठेवले आणि पाव तिथेच विसरून आले. लग्नाला जायचं नाही, तब्येत बरी नाही म्हणून सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

एफी कोट घेऊन आली. "लग्नाचा केक तुझ्या हातचा आणि तू घरी? आलीस तर लोक एक दिवस हसतील. नाही आलीस तर वर्षभर."

"मेल्याहून मेल्यासारखं झालंय गं मला."

"कळतंय. पण तू एकदा चारचौघांत असा टोला हाण की फिट्टंफाट. मग कुणाची हिंमत आहे?"

ते मला पटलं. केकवर साखर चढवताना मी मनात उत्तरं जुळवत होते. त्याने काय म्हटलं तर मी काय म्हणायचं, सगळं घोकून ठेवलं.

लग्न छान झालं. समाजमंदिरात सूप झालं, कोंबडी झाली, माझ्या केकचं कौतुकही झालं. अकॉर्डियन सुरू झालं, जोड्या नाचायला उठल्या. मी भिंतीशी चहाची किटली घेऊन उभी होते, आणि समोरून सगळं समाजमंदिर ओलांडत टॉर्मोड सरळ माझ्याकडे आला. लाहलन आणि त्याच्या टोळक्याने पेले खाली ठेवले. सगळे बघत होते.

"मोराग," तो हळू म्हणाला. "त्या दिवशीची ती बोट. ती अजून तिथेच आहे का?"

आला पुन्हा माझी थट्टा करायला. माझं रक्त उसळलं. मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "आहे. पण विकायची नाही. आणि तुझ्यासारख्या खलाशाला तर भाड्यानेसुद्धा द्यायची नाही."

छप्पर उडेल एवढे लोक हसले. पेगीने टाळ्या वाजवल्या. "फिटली रे फिटली," लाहलन ओरडला. किती दिवसांनी माझी मान वर झाली म्हणून सांगू. अब्रू परत मिळाली की अंगात कशी ऊब येते, ती मी उभ्याउभ्या अनुभवत होते.

टॉर्मोडही हसला. म्हणजे तोंडाने हसला. "बरं," म्हणाला. "विचारून ठेवलं."

तो दाराकडे गेला. दारात थांबून त्याने हातातली टोपी डोक्यावर घातली.

हातातली. म्हणजे माझ्यासमोर तो बोडक्या डोक्याने उभा होता, चर्चमध्ये उभा राहतो तसा. त्याचं कपाळ वर, टोपीखाली असतं तिथे, दुधासारखं पांढरं होतं आणि ते मी पाहिलंही होतं. मी माझ्या टोल्यात इतकी गुंग, की काय पाहतेय ते कळलं नाही. मी किटली खाली ठेवली आणि दारापर्यंत गेले. तो धक्क्याच्या रस्त्याला लागला होता. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून पेगी म्हणाली, "आता कुठे निघालीस, भाडं वसूल करायला?" पुन्हा हशा झाला. मी आत आले.

शुक्रवारी मी दोन कप चहा केला. मासळीची पेटी दाराबाहेर ठेवलेली सापडली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तशीच.

माझं ते उत्तर आता गावात गाजलंय. कुणाकडे मागणी असली की बोलणारा हमखास म्हणतो, "मोरागसारखं करू नका हां, भाड्याने तरी द्या," आणि सगळे कौतुकाने माझ्याकडे बघतात. पहिल्या फजितीची आठवण कुणालाच राहिलेली नाही. दुसरी कुणाला ठाऊकच नाही, आणि तिची लाज मला रोज वाटते. तरी मीही सगळ्यांबरोबर हसते. टॉर्मोडही तिथेच कुठेतरी दाराजवळ असतो, टोपी घालून.